पाणबुड्या आणि तेलाच्या टाक्या: फेब्रुवारी १९४२ बद्दल सारखे येणारे प्रश्न

फेब्रुवारी आला की अरूबा आणि एल्वूडबद्दल तेच तेच प्रश्न येतात, दरवेळी नव्याने टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, खाली खाली जाल तसे किचकट होत जातात. एकाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. अरूबा की कॅलिफोर्निया? नक्की कुठल्या हल्ल्याबद्दल बोलताय?

दोन्ही. एका आठवड्यात दोन हल्ले झाले म्हणून लोकांचा गोंधळ होतो. १६ फेब्रुवारी १९४२ च्या पहाटे जर्मनीच्या यू-१५६ ने कॅरिबियनमधल्या अरूबा बेटावर हल्ला केला, तिथे रिफायनरी होती. मग २३ फेब्रुवारीच्या संध्याकाळी जपानच्या आय-१७ ने कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या पश्चिमेला एल्वूडच्या तेलक्षेत्रावर गोळे टाकले. दोन वेगळे देश, दोन वेगळे समुद्र, आपसात ठरवून वगैरे काही केलेलं नव्हतं. पण कल्पना तीच, रात्री पाण्यावर यायचं, डेकवरच्या तोफेने तेलावर मारायचं आणि पळायचं. आणि दोन्हीकडे टाक्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

२. पाणबुडी टॉरपीडो मारते ना? मग जमिनीवरच्या टाकीला कशाने मारलं?

टॉरपीडो पाण्यातून जातो, किनाऱ्याला लागला की त्याचा प्रवास संपला. जमिनीवर मारायचं तर तोफच हवी, आणि त्या काळच्या मोठ्या पाणबुड्यांच्या डेकवर एक तोफ असायची. यू-१५६ वर १०.५ सेंटीमीटरची, आय-१७ वर १४ सेंटीमीटरची. ऐकायला भारी वाटतं पण तिचा खरा उपयोग एकट्या सापडलेल्या मालवाहू जहाजाला जवळून बुडवण्याचा, म्हणजे महागडा टॉरपीडो वाचतो.

किनाऱ्यावर मारायला ही तोफ फार वाईट. पाणबुडी पाण्यात जेमतेम वर असते, त्यामुळे तोफेवरच्या माणसाला लांबचं दिसत नाही, लाट आली की सगळं डोलतं, मोठ्या युद्धनौकेवर नेम धरायला जी यंत्रणा असते ती इथे नाही, गोळे खालून हाताने एकेक वर द्यायचे. त्यात किनाऱ्याजवळ पाणी उथळ, म्हणजे पटकन बुडी मारायचीही सोय नाही, आणि समोरून एक गोळा जरी मुख्य सांगाड्याला लागला तरी पाणबुडीला परत खाली जाता येत नाही. कुठलाही कप्तान तिथे वीस मिनिटांच्या वर थांबायला नाखूष असणार, मी असतो तर पाच मिनिटांत निघालो असतो.

३. अरूबात तेल निघतं का?

नाही. तेल व्हेनेझुएलाचं, माराकाइबो सरोवरातलं. त्या सरोवराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठे टँकर आत जाऊ शकत नव्हते, म्हणून कमी खोलीचे खास टँकर बनवले होते, त्यांना लेक टँकरच म्हणायचे. ते कच्चं तेल भरून समोरच्या अरूबा आणि कुरासाओ बेटांवर आणायचे, तिथे शुद्ध करून मोठ्या जहाजांनी पुढे. अरूबात सान निकोलासची लागो रिफायनरी न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइलची, कुरासाओची शेलची. दोन्ही त्या काळच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या रिफायनऱ्यांमध्ये मोडायच्या आणि दोस्त राष्ट्रांच्या विमानांचं पेट्रोल मोठ्या प्रमाणात इथूनच जायचं. बेटं डच, पण हॉलंड स्वतः मे १९४० पासून जर्मनीच्या ताब्यात, त्यामुळे पहाऱ्याला आधी ब्रिटिश सैन्य होतं आणि मग अमेरिकन. ते अमेरिकन येऊन हल्ल्याच्या रात्री आठवडाही झाला नव्हता.

हे लेक टँकर लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये सगळं त्यांच्यावरच येऊन थांबतं.

४. अरूबाला त्या रात्री काय काय झालं ते क्रमाने सांगाल का?

यू-१५६ चा कप्तान वेर्नर हार्टेनस्टाइन. रिफायनरीचे दिवे चालू होते, ब्लॅकआउट नव्हता, म्हणजे गणपतीत रोषणाई केल्यासारखं सगळं लखलखत होतं आणि पाणबुडी बाहेरून आरामात बघत होती. रात्री दीडच्या सुमाराला त्याने सान निकोलासच्या बाहेर नांगरलेल्या दोन लेक टँकरना टॉरपीडो मारले, पेदेर्नालेस आणि ओरान्येस्टाड. दोन्ही पेटले, तेल पाण्यावर पसरलं आणि पाणीच पेटलं, खलाशी त्या आगीत होरपळले. ओरान्येस्टाड बुडाला. पेदेर्नालेस जळत वाहत गेला, नंतर तो वाचवून दुरुस्त केला.

मग तोफेची पाळी, रिफायनरीवर मारायला. पहिलाच गोळा नळीत फुटला (का ते प्रश्न ५ मध्ये). मोठी तोफ गेली, म्हणून हार्टेनस्टाइनने छोट्या ३.७ सेंटीमीटरच्या तोफेने मारून बघितलं, एका टाकीला पोचा आला, एवढंच. तिथून तो बेटाच्या कडेने ओरान्येस्टाड शहराकडे गेला (हो, जहाजाचं आणि शहराचं नाव एकच आहे, सारखं विचारतात), तिथे ईगल रिफायनरीच्या धक्क्याला आर्कान्सास नावाचा अमेरिकन टँकर लागला होता, त्यावर टॉरपीडो सोडले. एक लागला, नुकसान थोडं झालं. एक चुकून वाळूवर चढला. दुसऱ्या दिवशी त्या वाळूतल्या टॉरपीडोपाशी डच नौसैनिक गेले होते तेव्हा तो फुटला आणि चार जण मेले. रिफायनरीवरच्या अख्ख्या गोळीबारात जमिनीवर कोणी मेलं नाही आणि न फुटलेल्या टॉरपीडोने चार जण गेले.

५. तोफेचं बूच काढायला विसरले हे खरं की कोणीतरी रंगवून सांगितलेलं?

खरं आहे. पाणबुडी पाण्याखाली असताना नळीत समुद्राचं पाणी जाऊ नये म्हणून तोंडाला बूच लावतात. वर आलं की पहिलं काम ते काढायचं. अंधार, घाई, समोर दोन जहाजं पेटलेली, आणि ते राहूनच गेलं. गोळा सुटला, बुचावर आपटला, नळी तोंडापाशी केळ्याच्या सालीसारखी उलगडली. एक तोफची मेला आणि तोफेवरचा अधिकारी डिट्रिश फॉन डेम बोर्न याचा पाय गेला. त्याला नंतर मार्टिनिक बेटावर उतरवलं, ते विशी सरकारच्या, म्हणजे जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंचांकडे होतं म्हणून उपचारांची सोय झाली.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. पाणबुडीवरच्या लोकांनी करवतीने नळीचा फाटलेला भाग कापून टाकला आणि त्या आखूड तोफेने महिना संपायच्या आत दोन जहाजं बुडवली. आपल्याकडे गॅरेजवाले जुन्या राजदूतला चालू करतात ना, तोच प्रकार.

६. टाकीला गोळा लागून सुद्धा आग कशी नाही लागली? तेल आहे ना ते?

सिनेमात एक गोळी लागली की सगळं उडतं त्यामुळे हा प्रश्न येतो. जळते ती वाफ, तेलाचा द्रव जळत नाही, आणि माराकाइबोचं कच्चं तेल जड, दाट, डांबराकडे झुकणारं, त्याची वाफ सहज होत नाही. ३.७ सेंटीमीटरचा गोळा पोलादी पत्र्याला पोचा पाडतो, भोक पडलं तरी तेल झिरपतं, पेटेलच असं नाही. शिवाय टाक्यांभोवती बांध असतो, तेल सांडलंच तर आत राहतं, शेजारच्या टाकीपर्यंत जात नाही.

हलकं तेल असेल आणि आतली वाफ पेटली तर मात्र विझवणं महाकठीण. मुंबईत ऑक्टोबर २०१७ मध्ये जवाहर द्वीपावर, म्हणजे आपलं बुचर आयलंड, डिझेलच्या टाकीवर वीज पडली होती आठवतंय का, दोन-तीन दिवस धूर दिसत होता. एका विजेने जे झालं ते यू-१५६ ला सगळा दारूगोळा घेऊन जमलं नाही.

७. म्हणजे अरूबाचा हल्ला फसला म्हणायचा?

इथे वाद घालणारे बरेच भेटतात. रिफायनरीवरचा गोळीबार पूर्ण फसला. पण हल्ला फसला असं मी म्हणणार नाही.

रिफायनरीला रोज तेल लागतं आणि ते लेक टँकरवरून येतं. त्याच दिवशी यू-५०२ ने व्हेनेझुएलाच्या आखाताजवळ आणखी तीन लेक टँकर बुडवले, मोनागास, तिया हुआना आणि सान निकोलास. कुरासाओला यू-६७ ने टँकरवर टॉरपीडो टाकले. टँकरवरचे लोक म्हणाले आम्ही नाही जाणार, एस्कॉर्ट द्या, आणि त्यांचं काय चुकलं, पेटलेल्या पाण्यात उडी मारायची कोणाला हौस असते. काही दिवस टँकर थांबले, लागोला कच्चं तेल अपुरं पडायला लागलं. टाक्या, भट्ट्या सगळं शाबूत आणि आत टाकायला तेल नाही.

कुरासाओत हे फार वाईट थराला गेलं. तिथल्या टँकरवरच्या चिनी खलाशांनी संरक्षण मिळेपर्यंत जायला नकार दिला, त्यांना कोंडून ठेवलं आणि २० एप्रिल १९४२ ला पोलिसांच्या गोळीबारात १५ जण मारले गेले. पाणबुड्यांच्या गोष्टी रंगवून सांगताना हे १५ जण कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो.

जर्मनांच्यात सुद्धा यावरून भांडण होतं. नौदलप्रमुख रेडर बर्लिनमधून सांगत होता की किनाऱ्यावरच्या तेलाच्या सोयींवर मारा, पाणबुड्यांचा प्रमुख ड्योनित्स म्हणत होता जहाजं आधी, गोळीबार जमला तर नंतर. वर सांगितलेल्या नुकसानावरून कोणाचं बरोबर होतं ते तुम्हीच ठरवा, माझं मत ड्योनित्सच्या बाजूने आहे.

८. एल्वूडला काय झालं?

२३ फेब्रुवारी १९४२, संध्याकाळी सव्वासात. आय-१७ चा कप्तान निशिनो कोझो. साधारण वीस मिनिटं गोळीबार. गोळे किती यावर एकमत नाही, मोजणाऱ्यावर अवलंबून १२ पासून २५ पर्यंत आकडे मिळतात, बहुतेक ठिकाणी सोळा-सतरा दिसेल. काही समुद्रात पडले, काही डोक्यावरून आत रँचच्या जमिनीवर. धक्क्याचं आणि विहिरीवरच्या सामानाचं थोडं नुकसान झालं, एकूण ५०० डॉलरच्या आसपास. मेलं कोणी नाही.

युद्धात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर पडलेले हे पहिले गोळे, एल्वूडचं महत्त्व त्यात आहे. नंतर युद्धाचे रोखे विकताना एल्वूडचा बदला घ्या अशी जाहिरात झाली. ५०० डॉलरच्या नुकसानावर किती डॉलर जमा झाले असतील कोण जाणे.

९. कप्तान निवडुंगात पडला होता आणि कामगार हसले म्हणून त्याने सूड घेतला, हे खरं का?

व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त फिरणारी गोष्ट हीच. युद्धाआधी निशिनो म्हणे तेलाच्या टँकरचा कप्तान म्हणून एल्वूडला आला होता, किनाऱ्यावर चढताना फड्या निवडुंगात बसला, कामगार खो खो हसले, आणि त्याने मनात ठेवलं. गोष्ट झकास आहे. पण निशिनो नौदलाचा अधिकारी, नौदलातला पाणबुडीवाला माणूस व्यापारी टँकर चालवत कशाला फिरेल? पुराव्यात कुठे बसत नाही. तरी तुमच्या काकांना सांगू नका, त्यांना फार आवडते ती.

१०. रुझवेल्टचं भाषण चालू असताना मुद्दाम हल्ला केला का?

भाषण चालू होतं एवढं पक्कं. रुझवेल्ट त्या संध्याकाळी रेडिओवर बोलत होता, लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की जगाचा नकाशा समोर घेऊन बसा, आणि विषय असा की आता समुद्र आपल्याला वाचवणार नाहीत. तेवढ्यात खरंच समुद्रातून गोळे. वर्तमानपत्रांना यापेक्षा चांगलं काय मिळणार. मुद्दाम जुळवलं असं अमेरिकेत बरेच जण धरून चालतात. माझ्या मते संध्याकाळचा अंधार ही कुठल्याही पाणबुडीला सोयीची वेळ आहे, त्यासाठी रेडिओ ऐकायची गरज नाही.

११. लॉस एंजेलिसवर विमानं आली होती तो हल्ला हाच का?

नाही, पण याच्यामुळेच. एल्वूडनंतरच्या रात्री, २४ आणि २५ च्या मध्ये, लॉस एंजेलिसला भोंगे वाजले, सगळं शहर अंधारात, आणि विमानविरोधी तोफांनी तासभर आकाशात १४०० हून जास्त गोळे सोडले. वर एकही जपानी विमान नव्हतं. पाच जण मेले, हार्ट अटॅकने आणि अंधारातल्या गाड्यांच्या अपघातांनी. दुसऱ्या दिवशी नौदलमंत्री नॉक्स म्हणाले खोटा इशारा होता, युद्धमंत्री स्टिमसन म्हणाले पंधरापर्यंत विमानं असू शकतील. एकाच सरकारातले दोन मंत्री! हवामानाच्या फुग्याला विमान समजले असं नंतर हवाई दलाच्याच इतिहासवाल्यांनी १९८३ मध्ये लिहिलं. उडत्या तबकड्यांवाल्यांचे मेसेज मला पाठवू नका.

१२. एल्वूडमुळे जपानी अमेरिकनांना छावण्यांत टाकलं ना?

तारखा बघा. ज्या आदेशाने हे झालं तो ९०६६ नंबरचा आदेश रुझवेल्टने १९ फेब्रुवारीला सही केला, एल्वूड २३ ला. म्हणजे कारण एल्वूड असू शकत नाही. किनाऱ्यावरून कोणीतरी दिवे दाखवून पाणबुडीला इशारे केले अशा अफवा मात्र एल्वूडनंतर पसरल्या आणि ज्यांना शंका होती त्यांचीही तोंडं बंद झाली. २ मार्चला पश्चिम किनाऱ्याचा भाग लष्करी क्षेत्र जाहीर झाला आणि पुढे साधारण १,२०,००० लोक छावण्यांत गेले, त्यातले दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक.

१३. हार्टेनस्टाइन म्हणजे लॅकोनियावाला तोच का? आणि निशिनोचं पुढे काय झालं?

हो, तोच. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याने लॅकोनिया हे ब्रिटिश जहाज बुडवलं, मग पाण्यात इटालियन युद्धकैदी आहेत कळल्यावर शेकडो लोकांना वाचवायला थांबला आणि अमेरिकन विमानाने त्याच्यावरच बॉम्ब टाकले. ८ मार्च १९४३ ला बार्बेडोसच्या पूर्वेला कॅटलिना विमानाने यू-१५६ बुडवली, कोणी वाचलं नाही. आय-१७ ऑगस्ट १९४३ मध्ये नूमेआजवळ न्यूझीलंडच्या तुई जहाजाने आणि अमेरिकन विमानांनी मिळून बुडवली, निशिनो तेव्हा तिच्यावर नव्हता, तो युद्धातून वाचला.

१४. साध्या कंपनीच्या टाक्यांवर हल्ला करणं कायद्यात बसतं का?

त्या काळचा नियम १९०७ च्या हेग कराराचा. संरक्षण नसलेल्या बंदरावर, गावावर युद्धनौकेने गोळे टाकू नयेत असा मूळ नियम, पण त्याच करारात सूट आहे, लष्करी कामं, युद्धसामानाची कोठारं आणि शत्रूच्या नौदलाला उपयोगी पडतील असे कारखाने यांना तो नियम लागू नाही. विमानाचं आणि जहाजांचं तेल बनवणारी रिफायनरी या सुटीत बसते. खलाशांची वस्ती बसत नाही.

१५. मद्रासवर एम्डन आली होती, ती पाणबुडीच होती ना?

नाही हो. एम्डन ही पाण्यावरची क्रूझर, आणि ते पहिलं महायुद्ध. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ती मद्रासला आली, सर्चलाइट टाकला, बर्मा ऑइलच्या टाक्यांवर सव्वाशेच्या आसपास गोळे मारले, टाक्या पेटल्या, आणि निघून गेली.

तुलना करून बघा मात्र. एम्डनवरच्या तोफा १०.५ सेंटीमीटरच्या, यू-१५६ वरची तोफही १०.५ सेंटीमीटरचीच. फरक असा की एम्डनवर त्या दहा होत्या, उंचावर होत्या, दिवा होता आणि खाली स्थिर जहाज होतं. प्रश्न २ मध्ये जे रडगाणं गायलंय त्याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

१६. १९७१ ला आपल्या पाणबुडीने कराचीच्या टाक्या उडवल्या, ते का नाही लिहिलं?

कारण पाणबुडीने उडवल्या नाहीत. दर ४ डिसेंबरला नौदल दिनाच्या फॉरवर्डमध्ये ही चूक असते. कराचीवर गेल्या त्या मिसाइल बोटी, मुंबईच्या तळावरच्या, ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर. पल्ला कमी म्हणून त्यांना बराच रस्ता ओढत नेलं होतं. ८ डिसेंबरच्या रात्री एकट्या विनाशने चार क्षेपणास्त्रं सोडली, त्यातलं एक कराची बंदरातल्या केमारीच्या तेलाच्या टाक्यांवर गेलं. आपल्या हवाई दलाची हंटर विमानंसुद्धा केमारीवर गेली होती, टाक्या नक्की कोणी पेटवल्या यावर दोन्ही दलांचे निवृत्त लोक अजून गोडीत भांडतात.

त्या युद्धात पाणबुडी येते ती दुसऱ्या बाजूने, पाकिस्तानच्या हंगोरने ९ डिसेंबरला दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका बुडवली. कदाचित तिथूनच घोळ होत असेल.

१७. आज बॉम्बे हायवर किंवा उरणला पाणबुडी असं करू शकेल का?

डेकवरची तोफ घेऊन? आता ती तोफच नसते, युद्धानंतर पाणबुड्यांवरून निघून गेली. आता पाणबुडी पाण्याखालूनच क्रूझ क्षेपणास्त्र सोडते, डिसेंबर २०१५ मध्ये रशियाच्या रोस्तोव्ह-ऑन-डॉन या डिझेल पाणबुडीने भूमध्य समुद्रातून सीरियावर तशी सोडली होती, म्हणजे किनारा नजरेस पडायचीही गरज उरली नाही. त्यामुळे प्रश्न २ मधल्या अडचणी आज लागू नाहीत. प्रश्न ७ मधली लागू आहे, आपल्या रिफायनऱ्यांना आजही बरंचसं तेल जहाजानेच येतं.

१८. या जागा बघायला जाता येतं का?

एल्वूडला आता गोल्फ कोर्स आणि किनाऱ्यावर महागडं रिसॉर्ट आहे, जवळच्या रानात थंडीत मोनार्क फुलपाखरं येतात. माझी आतेबहीण तिथल्याच गोलेटाला असते, तिने मागे पायाला चिकटलेल्या डांबराचा फोटो पाठवला होता आणि विचारलं होतं की हे जपान्यांनी सांडलेलं का. नाही, तिथे समुद्राच्या तळातून तेल आपोआप झिरपतं, युद्धाच्या कितीतरी आधीपासून. खोबरेल तेल लावून पूस, निघतं.

अरूबात लागो रिफायनरी १९८५ ला बंद झाली, पुढे दुसऱ्यांनी मध्येमध्ये चालवली. ज्या वाळूवर तो टॉरपीडो चढला तो ईगल बीच, आता तिथे लोक टॉवेल टाकून पडलेले असतात.